सोमवारची फायनल: सामना नक्की कुठे फिरणार?

कोलंबसकर (१७ जानेवारी २०२५)
सोमवारी अटलांटात अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल: आमचं ओहायो स्टेट विरुद्ध नोटर डेम. १२ संघांच्या प्लेऑफचं हे पहिलंच वर्ष. माझं भाकीत एका ओळीत सांगतो: आमचा रिसीव्हर (पास झेलणारा) जेरेमाया स्मिथ याच्यासमोर नोटर डेमचा जो कोणी कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा) उभा राहील, त्याच्यावर सामना ठरेल. नोटर डेमचा बचाव म्हणजे प्रत्येक रिसीव्हरमागे एकेक माणूस. त्यांचा सगळ्यात भरवशाचा कॉर्नर बेंजामिन मॉरिसन ऑक्टोबरपासून जायबंदी. उरले ख्रिश्चन ग्रे आणि पहिल्या वर्षाचा लेनर्ड मूर. स्मिथही पहिल्याच वर्षाचा, पण या पोराने ओरेगनविरुद्ध ७ झेलांत १८७ यार्ड काढले आहेत.

साउथबेंडची सून
आणि पुढच्याच सामन्यात टेक्ससविरुद्ध एक झेल, ३ यार्ड! तरी तुम्ही २८-१४ जिंकलात. म्हणजे स्मिथ अडला तरी तुमचं काही अडत नाही, हे तुमच्याच संघाने दाखवलंय. मग भाकीत कशावर उभं आहे?
खरी लढाई मध्यभागी, लाइनमध्ये (चेंडूपाशी आमनेसामने भिडणाऱ्यांच्या रांगेत). तुमच्या लाइनमधला लेफ्ट टॅकल सिमन्स जायबंदी, सेंटर मॅक्लॉफलिनही जायबंदी. मिशिगनने घरात येऊन १३-१० हरवलं ते याच मधल्या गर्दीत. शिवाय आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा सूत्रधार) रायली लेनर्ड स्वतः चेंडू घेऊन घुसतो. चार-चार यार्ड करत घड्याळ खाल्लं की झालं. चेंडूच मिळाला नाही तर स्मिथ काय बाकावर बसून झेल घेणार?

कोलंबसकर
लाइनचं बोलताय तर पूर्ण बोला. तुमचा लेफ्ट टॅकल नॅप पेन स्टेटविरुद्ध घोटा दुखावून बसलाय. बचावाच्या लाइनमधला रायली मिल्स इंडियानाच्या सामन्यातच जायबंदी झाला. आमच्याकडे कडेने येणार जॅक सॉयर आणि तुइमोलोआउ. टेक्ससच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू उडवून सॉयर ८३ यार्ड पळाला होता. तो क्वार्टरबॅक एकेकाळचा त्याचा रूममेट! पाहुणचार कसा करतात ते बघा.

नवखा
काका, मला क्रिकेटच कळतं. स्मिथवर दोन माणसं का लावत नाहीत?

कोलंबसकर
लावता येतात. पण मैदानात अकराच. दुसरा माणूस बहुतेक वेळा मागचा सेफ्टी (शेवटचा राखणदार) असतो. तो स्मिथकडे सरकला की दुसऱ्या बाजूला आमचा दुसरा रिसीव्हर एमेका एग्बुका एकास एक उरतो. शिवाय तोच सेफ्टी धावणाऱ्यांना अडवायला पुढे येऊ शकत नाही आणि हेंडरसन-जडकिन्स या आमच्या दोघा धावणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. टेक्ससने स्मिथला बांधून ठेवलं तेव्हा हेंडरसनने हाफटाइमच्या तोंडावर छोटा पास घेऊन ७५ यार्डांचा टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) केला. म्हणून तर म्हणतो, स्मिथने एकही झेल घेतला नाही तरी सामना त्याच्यामुळेच फिरू शकतो.

साउथबेंडची सून
वा! झेल घेतला तरी तुम्ही बरोबर, नाही घेतला तरी तुम्हीच बरोबर. याला भाकीत नाही, ज्योतिष म्हणतात.

बाकावरचा
तुम्हा दोघांच्या जोड्या पत्रिकेसारख्या आहेत. छत्तीस गुण जुळवा, संसाराचं काही सांगता येत नाही. २०२३ आठवतंय का? हेच दोन संघ, नोटर डेमच्या साउथ बेंडलाच. ओहायो स्टेटने १ सेकंद उरला असताना १७-१४ सामना काढला आणि शेवटच्या दोन प्लेंना (चालींना) नोटर डेमचे मैदानात दहाच खेळाडू! अकरावा कुठल्या जोडीत धरायचा?
माझं म्हणणं, छोट्या गोष्टींकडे बघा. जॉर्जियाविरुद्ध नोटर डेमने किकऑफवरून (खेळ सुरू करणारी किक झेलून) ९८ यार्डांचा टचडाउन केला. पेन स्टेटविरुद्ध किकर मिच जेटरने ७ सेकंद राहिले असताना ४१ यार्डांवरून खांबांमध्ये किक मारून सामना जिंकून दिला. भरवसा ठेवायचा तर त्याच्यावर ठेवा.

साउथबेंडची सून
त्या दहाजणांचं नाव या घरात काढत नाहीत.

साउथबेंडची सून (२१ जानेवारी)
३४-२३. हरलो. पण पहिला ड्राइव्ह (आमची पहिली चढाई) बघितलात ना? १८ प्ले, पावणेदहा मिनिटं, शेवटी लेनर्ड स्वतःच घुसला. मी सांगितलं होतं तस्सं.

कोलंबसकर
आणि त्यानंतर लागोपाठ चार टचडाउन आणि एक फील्ड गोल (खांबांमधली किक) आमचे, ३१-७. तुम्ही चिवटपणे ३१-२३ पर्यंत आलात, हे मानतो, माझा तर घसा कोरडा पडला होता. मग तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), ११ यार्ड गाठायचे बाकी, स्मिथसमोर ग्रे, मदतीला कोणी नाही. ५६ यार्डांचा झेल! माझी ओळ पुन्हा वाचा.

साउथबेंडची सून
वाचली. तीन टचडाउन जडकिन्सचे, शिवाय तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला त्याची ७० यार्डांची धाव. ती कुठून गेली? लाइनमधूनच. फक्त लाइन तुमची निघाली, आमची नाही. शेवटचा पास ही सही होती, करार आधीच झाला होता.

कोलंबसकर
३१-२३ ला करार झालेला नसतो हो.

बाकावरचा
जेटरची २७ यार्डांवरची किक डाव्या खांबाला लागून परतली. किकर विरुद्ध खांब ही जोडी तुमच्यापैकी कोणाच्याच यादीत नव्हती.

साउथबेंडची सून
भरवसा त्याच्यावर ठेवा असं कोण म्हणालं होतं?