सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी खेळणी: कोणतं खेळणं, कोणता उतारा?

पाटीपेन्सिल

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मे महिन्यात आमच्या चर्चची सुट्टीतली बायबल शाळा आहे. पाच दिवस, रोज पाऊण तास. मुलं साधारण २५, वय ५ ते १२, सगळी एकाच हॉलमध्ये. बाहेर छोटं अंगण आहे. मदतीला तरुण संघातले तिघे. दरवर्षी फ्लॅनेल बोर्ड (चित्रं चिकटवायचा कापडी फळा) लावतो, यंदा मुलांच्या हातात खेळणी द्यायची असं ठरलंय.

डोक्यात आहे ते असं: सापशिडी (चांगलं वागणं, वाईट वागणं), आगपेटीचा फोन (प्रार्थना), पाच रंगांच्या मण्यांचं ब्रेसलेट (तारण, म्हणजे पापातून सुटका), ठोकळे (खडकावरचं घर) आणि लगोरी. लगोरीला उतारा सुचत नाहीये, पण मुलांना ती हवीच आहे.

यातलं काय ठेवावं, काय गाळावं? सामान घरी करता येण्यासारखं असेल तर मापांसकट सांगा.

अंगण

लगोरीला उतारा शोधायला नकोच, बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय म्हणजे लगोरीच आहे. पडलेली भिंत रचायची आणि समोरचे ती रचू देत नाहीत. रचणारे यरुशलेमचे लोक, चेंडू मारणारे सनबल्लट आणि तोबीयाची माणसं.

सामान: सात चकत्या. फरशीचे तुकडे आणलेत तर कडा दगडावर घासून बोथट करा. त्यापेक्षा खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन-तीन थर चिकटवून गोल कापा: २०, १८, १६ सेंटीमीटर असं उतरत ८ पर्यंत. बरोबर सात होतात. पुठ्ठा पसरट राहावा म्हणून चिकटवल्यावर रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा, नाहीतर चकती वाकते आणि तिसऱ्या थराला लगोरी आपोआप कोसळते. चेंडू रबरी नको. दोन जुने मोजे एकात एक गुंडाळा. मारायचं ते गुडघ्याखाली, पाच मीटरवरून.

डाव दोन खेळायचे. सहाजणांचे दोन गट, उरलेले पुढच्या पाळीला.

पहिला डाव नेहमीच्या नियमाने. चेंडू लागला की बाद. बहुतेक वेळा लगोरी रचून होत नाही. होऊ लागली तर मारणाऱ्यांना दुसरा चेंडू द्या.

दुसऱ्या डावात रचणाऱ्या सहापैकी तिघांना ढाली द्या. पुठ्ठ्याच्या, ३० बाय ४० सेंटीमीटर, मागे पट्टीची मूठ. ढालवाल्यांनी चकतीला हात लावायचा नाही, फक्त चेंडू अडवायचा. ४:१६ मध्ये अर्धे लोक कामाला आणि अर्धे भाले-ढाली घेऊन, ते हेच. एकाच्या गळ्यात शिट्टी अडकवा. वाजली की सगळ्यांनी तिथे धावायचं, ४:२० मधल्या रणशिंगासारखं. ढाल याहून मोठी केलीत तर एकही चेंडू लागत नाही आणि मारणारी मुलं कंटाळून भांडायला लागतात.

अध्याय वाचायचा तो दुसऱ्या डावानंतर, आधी नाही. आधी वाचला की मुलं ‘बरोबर उत्तर’ खेळतात. नंतर प्रश्न दोनच: पहिल्यांदा भिंत का झाली नाही? आणि ढालवाल्यांनी एकही दगड लावला नाही, मग त्यांनी भिंत बांधली की नाही? या दुसऱ्या प्रश्नावर १० वर्षांची मुलंही तावातावाने बोलतात, मध्ये पडू नका. भिंत ५२ दिवसांत पुरी झाली (६:१५) हे शेवटी सांगा.

उंबरठा

लगोरी एक नंबर. यादीतल्या बाकीच्यांपैकी तीन गोष्टींबद्दल मात्र थांबून विचार करावा असं वाटतं. खेळण्याचे स्वतःचे नियम असतात आणि मुलं आपलं भाषण विसरून ते नियमच लक्षात ठेवतात.

सापशिडी घ्या. हा पट आपल्याकडचाच, मोक्षपट म्हणून परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. कर्मानुसार चढ-उतार शिकवायला तो चोख आहे. पण इफिसकरांस पत्रात (२:८-९) तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, असं आहे. ९८ वर पोचलेल्या मुलाला साप चावून ते खाली आलं की त्याच्या मनात काय बसतं? शेवटच्या पायरीवरूनही देव ढकलून देतो. वर सगळं फाशाच्या हातात.

पट टाकून देऊ नका, योसेफाचा करा. ४५ सेंटीमीटरचा चौकोनी पुठ्ठा, ७ सेंटीमीटरची घरं, सहा गुणिले सहा म्हणजे ३६. ४ वर शिडी: रंगीबेरंगी झगा, वर ११ ला. १३ वर साप: भावांनी विहिरीत टाकलं, खाली ३ ला. १६ वर शिडी: पोटीफरच्या घरचा कारभार, वर २३ ला. आता खरी गंमत. २६ वर साप: पोटीफरच्या बायकोला नाही म्हटलं म्हणून तुरुंग, खाली १५ ला. या सापाला शेपटीपर्यंत ठळक रंगवा, कारण इथे योसेफ चुकलेला नाही, तो नीट वागला म्हणून खाली आलाय. १५ वर आलेल्याने दोन पाळ्या थांबायचं (प्यालेबरदार त्याला विसरला, उत्पत्ति ४१:१ प्रमाणे पूर्ण दोन वर्षं). आणि मग त्याच १५ वरून फारोच्या दरबाराची शिडी, थेट ३४ ला. ही शिडी सापाने आलेल्यालाच. फाशाने सहज १५ वर पडला त्याला नाही.

दोन डावांत मुलांच्या लक्षात येतं आणि ती २६ च्या सापावर पडायला धडपडू लागतात. तिथे खेळ थांबवून उत्पत्ति ५०:२० वाचा (भावांनी वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं केलं). एका पटावर चार-पाचजण, मोठ्या मुलांना तीन पट पुरतील. वाचता न येणाऱ्यांना हा खेळ देऊ नका.

फोन. प्रार्थनेसाठी वापरलात तर पहिला प्रश्न येणार, ‘देवाचा आवाज पलीकडून का येत नाही?’ आणि तो रास्त आहे. दोरा ताणलेला असेल तरच ऐकू येतं, हा खेळण्याचा नियमही प्रार्थनेला लागू नाही. १ शमुवेल ३ ला मात्र फोन फिट बसतो. एका टोकाला डोळे मिटलेला शमुवेल, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला हाक मारणारा, तिसऱ्या कोपऱ्यात म्हातारा याजक एली. देवाची हाक शमुवेलाला एलीची वाटते. तीनदा हाक, तीनदा एलीकडे धाव. आगपेटीपेक्षा कागदी कप बरे. तळाला सुईने भोक, आत दोऱ्याला काडीचा तुकडा बांधून गाठ. सुती दोरा ६ ते ८ मीटर. दोरा दाराच्या चौकटीला, खुर्चीला किंवा कुणाच्या बोटाला टेकला की आवाज मेला.

मणी. बिनशब्दांच्या पुस्तकातून (नुसती रंगीत पानं, अक्षर एकही नाही) हे रंग आलेत. १८६६ मध्ये प्रवचनकार स्पर्जननी लंडनमध्ये काळा, तांबडा, पांढरा असे तीन वापरले, १८७५ मध्ये सुवार्तिक मूडींनी सोनेरी घातला, हिरवा त्यानंतरचा. म्हणजे ही काही पवित्र शास्त्रातली यादी नव्हे, बदलायला हरकत नाही. आपल्याकडे काळा मणी बाळाच्या मनगटात दृष्ट लागू नये म्हणून असतो, आईच्या मंगळसूत्रात असतो. मुलं हे बोलून दाखवतातच. शिवाय वर्गातल्या सावळ्या मुलाकडे बाकीच्यांनी वळून बघितलं की पुढचा पाठ संपला. शास्त्रातलं चित्र अंधाराचं आहे, काळ्या रंगाचं नाही. यशया १:१८ मध्ये तर पाप लाल आहे. ब्रेसलेट हवंच असेल तर काळ्या मण्याऐवजी झाकण लावलेलं खोकं आणि टॉर्च घ्या, योहान १:५. झाकणाला रुपयाएवढं भोक पाडून आत एक चित्र चिकटवायचं. आधी नुसतं बघायला लावा, मग टॉर्च.

पाटीपेन्सिल

योसेफाचा पट तर आजच कापायला घेते. दोन शंका. ५-६ वर्षांची सात-आठ मुलं आहेत, त्यांना यातलं काहीच झेपणार नाही. आणि १२ वर्षांच्यांना ठोकळे दिले तर ती हसतील.

नाताळगोठा

लहानांना वेगळं बसवा, ताई, एकत्र ठेवू नका. सात वर्षांखालच्या बऱ्याच मुलांना ‘हे म्हणजे ते’ असा उपमेतला अर्थ नीट कळत नाही. त्यांच्या दृष्टीने ठोकळ्यांचं घर म्हणजे घरच. म्हणून त्यांना प्रतीक द्यायचं नाही, गोष्टच हातात द्यायची. आमच्याकडे वसईत नाताळात मुलं घराघरांत गोठा मांडतात. मेंढरं कुठे ठेवायची, तारा कुठे टांगायचा यावर त्यांची तासभर खलबतं चालतात. तीच सवय वर्षभर वापरा.

सोफिया काव्हालेत्ती यांनी १९५४ पासून रोममध्ये माँटेसरीच्या धर्तीवर धर्मशिक्षण उभं केलं, त्यात उत्तम मेंढपाळाची मांडणी आहे: हिरव्या रंगाची गोल पाटी, कुंपण, मेंढपाळ, दहा मेंढरं. शाडूची करा. उभी मेंढरं करू नका, पाय मोडतात. पाय पोटाखाली घेतलेली, बसलेली करा, ५-६ सेंटीमीटर लांब. तीन-चार दिवस सावलीत वाळवा. उन्हात ठेवलीत की तडकतात. कुंपण आइस्क्रीमच्या काड्यांचं, दार उघडणारं हवं, कारण योहान १० मध्ये दाराला महत्त्व आहे.

सांगणाऱ्याने जमिनीवर बसायचं, वाक्यं थोडी आणि नजर मुलांकडे नाही, मेंढरांकडे. तुमची नजर जिथे, तिथे त्यांची. एकेक मेंढरू हळू हलवायचं. गोष्ट झाली की ‘मेंढपाळ कोण?’ हे लगेच विचारू नका. साहित्य मुलांच्या पुढ्यात सरकवा आणि गप्प बसा. एका वेळी दोनच मुलं, एरवी ओढाताणीत मेंढरं फुटतात. बाकीच्यांना तोवर कागदावर कुंपण रंगवायला द्या.

दुसऱ्या दिवशी हरवलेलं नाणं, लूक १५:८-१०. जुन्या कॅलेंडरच्या चित्राचं दहा तुकड्यांचं कोडं करा आणि एक तुकडा आधीच लपवा. नऊ लागतात, दहावा नाही. मग खोलीत थोडा अंधार, एकाच्या हातात टॉर्च, एकाच्या हातात केरसुणी. तीन-चार मिनिटांत सापडेल अशा जागी ठेवा, त्याहून उशीर झाला तर रडारड. सापडल्यावर खाऊ सगळ्यांना. सापडवणाऱ्यालाच बक्षीस दिलंत तर ती शर्यत होते, आणि उताऱ्यातली बाई तर शेजारणींना बोलावून आनंद करते.

भोवरा

वरचं सगळं मान्य, पण प्रतीक अगदीच मोडीत काढू नका. ११-१२ च्या मुलांना ते लागतं. फक्त त्यांना प्रतीक सोडवायला न देता मोडायला द्या.

पाडली तरी उभी राहणारी बाहुली करवून घ्या. १० सेंटीमीटरचा प्लास्टिकचा चेंडू अर्धा कापायचा, तळाला मुठीएवढा शाडू दाबायचा, वर कार्डशीटचा शंकू, उंची १२ सेंटीमीटरच्या आत. शाडू कडेला नाही, मधोमध बसला पाहिजे. वाळून सुटला की बाहुली आडवीच पडते, म्हणून खाली फेव्हिकॉलचा थर द्या. शंकू जाड पुठ्ठ्याचा केला तर वजन वर जातं आणि ती उठत नाही. नीतिसूत्रे २४:१६ वाचा, नीतिमान सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो.

मग विचारा: हे चित्र कुठे चुकतं? उत्तरं चांगली येतात. बाहुलीला लागत नाही, माणसाला लागतं. बाहुलीला उठायचं आहे की नाही हे कुणी विचारत नाही. वजन तिने स्वतः घातलेलं नाही. हे तिसरं कुणी बोललं तर तिथेच पाच मिनिटं रेंगाळा.

मोठ्यांना ‘हे पोरकट आहे’ वाटतंय असं दिसलं तर मत्तय ११:१६-१७ काढा. बाजारात बसलेली मुलं, एक गट पावा वाजवतो, दुसरा नाचत नाही, शोकगीत म्हटलं तरी रडत नाही. ‘लग्न लग्न’ खेळू म्हटलं तरी नाही, मयत-मयत खेळू म्हटलं तरी नाही, असला रुसवा तिथे आहे. येशूने त्या पिढीतल्या मोठ्या माणसांबद्दल बोलताना भातुकलीतलं भांडण उचललं. १२ वर्षांच्यांना हे दोन गटांत करून दाखवायला सांगा, तालीम लागत नाही.

उंबरठा

ठोकळ्यांचं राहिलं होतं. मत्तय ७:२४-२७. दोन पसरट परात किंवा टब. एकात वीट, दुसऱ्यात चाळलेली बारीक, कोरडी वाळू, एका बाजूला ६ सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला उतरती. ओली वाळू घट्ट धरून ठेवते आणि घर पडतच नाही, मग सांगणाऱ्याची पंचाईत. ठोकळे जड लाकडी घ्या, प्लास्टिकचे पोकळ ठोकळे हलके असतात आणि विटेवरूनही वाहून जातात. मनोरा उताराच्या कडेला. एक लीटर पाणी पायाशी, हळूहळू, दोन्हीकडे सारखंच. वरून ओतलंत तर विटेवरचंही कोसळतं. हे मोठ्यांना ‘करून बघा, कुठे पडतं, का पडतं’ म्हणून द्या, ती हसणार नाहीत. खाली गोणपाट अंथरा, हॉलची फरशी निसरडी होते.

आणि एक. धाकट्या भावंडांना घेऊन येणारी मुलं असतातच. तीन वर्षांखालच्यांच्या हाती मणी, गोट्या, शाडूचे तुटके तुकडे पडू देऊ नका. सुमारे सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान ते सगळं घशात अडकू शकतं. टॉर्च बटण सेलवाली असेल तर झाकण स्क्रूने बंद होणारी बघा. सामान आणताना प्रत्येक दिवसाचं वेगळ्या पिशवीत भरून वर उतारा लिहिलात, तर मदतीच्या तिघांना विचारत बसावं लागणार नाही.