भूदासमुक्तीनंतरही रशियातील शेतकरी अस्वस्थ का राहिला?

प्रश्न:
झार दुसरा अलेक्झांडर याने १८६१ मध्ये जमीनदारांच्या ताब्यातील दोन कोटींहून अधिक भूदासांना (जमिनीला व जमीनदाराला बांधलेल्या शेतकऱ्यांना) मुक्त केले, १८६४ मध्ये न्यायालयांत ज्यूरीपद्धती आणि स्थानिक कारभारासाठी ‘झेम्स्त्वो’ मंडळे आणली. असे असूनही मुक्तीच्या वर्षीच गावोगावी उद्रेक झाले आणि १८८१ मध्ये पीटर्सबर्गच्या रस्त्यावर बॉम्ब टाकून त्याचीच हत्या करण्यात आली. सुधारणा अपुरी होती, की तिच्यामुळे वाढलेल्या अपेक्षांनी असंतोष भडकला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १:
सुरुवात क्रिमियाच्या युद्धापासून (१८५३–५६) करावी लागेल. मॉस्कोच्या दक्षिणेस लोहमार्गच नसल्याने क्रिमियातील सेवास्तोपोल बंदराला दारूगोळा बैलगाड्यांतून चिखल तुडवत न्यावा लागला आणि स्वतःच्याच भूमीवर रशियाला हार पत्करावी लागली. भूदासांची सक्तीने भरती करून त्यांना पंचवीस-पंचवीस वर्षे सैन्यात ठेवण्याची पद्धत आता चालणार नाही, हे सरकारला कळून चुकले. भूदासप्रथा खालून आपोआप मोडण्याची वाट पाहण्यापेक्षा ती वरून रद्द केलेली बरी, असे अलेक्झांडरने १८५६ मध्येच मॉस्कोच्या सरदारांना बजावले होते. म्हणजे ही सुधारणा मुख्यतः राज्य वाचवण्यासाठी होती. शेतकऱ्याचे हित त्यात दुय्यम होते.

प्रतिसाद २:
हेतूपेक्षा हिशेब पाहावा, असे मला वाटते, कारण असंतोषाचे मूळ त्यातच आहे. मुक्त झालेल्या शेतकऱ्याला जमीन मोफत मिळाली नाही. तो जमीनदाराला देत असलेला वार्षिक खंड ज्या मुदलावर सहा टक्के व्याज ठरेल, ते मुद्दल म्हणजे जमिनीची किंमत, असे सूत्र लावण्यात आले. वर्षाला सहा रुबल खंड असेल, तर किंमत शंभर रुबल. शेतकऱ्याने ठरलेला जमिनीचा पूर्ण वाटा घेतला, तर यातील ऐंशी रुबल सरकार रोख्यांच्या रूपाने जमीनदाराला देई आणि शेतकऱ्याने ते दरवर्षी चार रुबल ऐंशी कोपेक (शंभर कोपेक म्हणजे एक रुबल) याप्रमाणे ४९ वर्षे फेडायचे, म्हणजे एकूण सुमारे २३५ रुबल. उत्तरेकडील नापीक प्रांतांत तर खंड जमिनीच्या उत्पन्नातून नव्हे, शेतकऱ्याच्या कारागिरीतून आणि मजुरीतून येत असे. तिथे या सूत्राने जमिनीच्या नावाखाली माणसाचीच किंमत वसूल झाली. दक्षिणेच्या काळ्या, सुपीक मातीच्या पट्ट्यात शेतकरी आधीपासून कसत असलेल्या जमिनीचा मोठा भाग तोडून जमीनदाराकडे ठेवण्यात आला. त्यातच हप्त्यांची जबाबदारी संपूर्ण ग्रामसमाजावर सामूहिक असल्याने गाव सोडून जाणेही सोपे नव्हते. अशा मुक्तीला अपुरी म्हणणेसुद्धा मला सौम्य वाटते.

प्रश्नकर्ता:
हिशेब स्पष्ट झाला, आभारी आहे. पण मग शेतकऱ्यांचा राग झारवर का गेला नाही?

प्रतिसाद ३:
कारण झारने खरी मुक्ती दिली असून जमीनदार आणि अधिकारी ती दडवून ठेवत आहेत, असा त्यांचा मनापासून विश्वास होता. कझान प्रांतातील बेझ्दना गावी अंतोन पेत्रोव या साक्षर शेतकऱ्याने कायद्याच्या मजकुराचा अर्थ पूर्ण स्वातंत्र्य असा लावला आणि हजारो लोक त्याच्याभोवती जमले. एप्रिल १८६१ मध्ये सैन्याने या निःशस्त्र जमावावर गोळीबार केला. पन्नासहून अधिक लोक मारले गेले आणि पुढे पेत्रोवलाही गोळ्या घालण्यात आल्या. मृतांसाठी कझानमध्ये झालेल्या प्रार्थनेत इतिहासाचे प्राध्यापक अफानासी श्चापोव बोलले आणि त्यांना अटक झाली. विद्यार्थ्यांचा असंतोष आणि शेतकऱ्यांचे दुःख इथे एकत्र आलेले दिसते.

म्हणून प्रतिसाद २ मधील हिशेब मान्य करूनही मी एक भर घालेन. १८८१ मध्ये झारला मारणारे ‘नारोद्नाया वोल्या’चे क्रांतिकारक बहुतांशी सुशिक्षित तरुण होते, शेतकऱ्यांचा जमाव नव्हे. शेतकऱ्याचा झारवरील विश्वास ढासळायला आणखी बराच काळ लागला. जपानशी युद्ध सुरू असताना पेटलेल्या १९०५ च्या उठावात गावकऱ्यांनी जमीनदारांचे वाडे जाळले, तेव्हा कुठे सरकारने ते हप्ते १९०६ साठी निम्मे केले आणि १ जानेवारी १९०७ पासून रद्द केले.