सिंहस्थ भर पावसाळ्यात, मग फ्लूची लस आधी कोणाला?

पंचवटीकर:
नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यातली मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. आपल्याकडे फ्लूही नेमका त्याच दिवसांत जोर धरतो. रामकुंडाचे घाट झाडणारे सफाई कामगार, बंदोबस्तावरचे पोलीस, बिटको आणि सिव्हिल हॉस्पिटलमधल्या सिस्टर यांना महापालिकेने मे-जूनमध्येच फुकट लस द्यावी. अंगात प्रतिकारशक्ती यायला दोनेक आठवडे जातात, गर्दी लोटल्यावर टोचून काय उपयोग? खासगीत दीड-दोन हजार पडतात. कंत्राटी कामगार ते कुठून आणणार? आणि घाटावरचा ताप तोच आपल्या वस्तीत घेऊन जाणार.

सिडकोतली आशाताई:
दादा, सफाई कामगारांबद्दल वाद नाही. पण डोस मोजकेच असतील, तर पंचविशीतल्या धडधाकट पोलिसाआधी मी सातव्या महिन्यातल्या बाईला पुढे घेईन. २००९ च्या साथीत गरोदर बायकांना स्वाइन फ्लू फार जड गेला. म्हणून तर २०१५ मध्ये राज्याने मोफत लस द्यायला घेतली, तेव्हा यादीत गरोदर माता होत्या, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. आईने घेतली तरच त्याला तिच्याकडून संरक्षण मिळतं. ‘पोटातल्याला काही होईल’ या भीतीने बायका नको म्हणतात. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, गरोदरपणात ती चालते, हे सांगायला मी एकेका घरी तीन-तीनदा गेले आहे.

पंचवटीकर:
ताई, त्याच २०१५ च्या यादीत आरोग्य कर्मचारीही होते. सिस्टरच तापाने पडली तर त्या बाईचं बाळंतपण कोण करणार? पोलिसांचं मात्र मान्य. त्यांच्यातले पन्नाशीचे आणि शुगरवाले आधी घ्या.

पेठ तालुक्यातून:
तुमच्या दोघांच्या याद्या शहरातच संपतात. माझ्या वडिलांना दमा आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, तर एका दवाखान्यात चार दिवस साध्या सर्दीच्या गोळ्या दिल्या. फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त लागू पडतं, ते दिवस असेच गेले. धाप लागल्यावर घाटरस्त्याने नाशिकला आणलं. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. शहरातल्या माणसाला व्हेंटिलेटर अर्ध्या तासावर आहे, आम्हाला नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरचे दमेकरी आणि म्हातारी माणसं शेवटी का?

सिडकोतली आशाताई:
भाऊ, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, म्हणून एकदाच शिबिर लावून भागणार नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची तपासणी असतेच. पावसाळ्याआधी त्याच दिवशी लस ठेवा, पाड्यावरच्या दमेकऱ्यांनाही तेव्हाच बोलवा. माझ्या वस्तीतली नावं मी या आठवड्यात लिहून काढते.

पंचवटीकर:
घाटावरच्या कंत्राटी कामगारांची यादी मी करतो. त्यांची नावं मुकादमाकडे मिळतील.