म्हाताऱ्या मांजरीला 'सोबत' म्हणून पिल्लू आणावं का?

पर्वतीपायथा
पावसाळ्यात पार्किंगमधे, गाडीच्या बॉनेटखाली पिल्लं सापडायला लागली की सोसायटीतलं कोणीतरी म्हणतंच, "तुमची मनी एकटी असते, तिला सोबत होईल, घेऊन जा." माझं स्पष्ट मत आहे की दहा-बारा वर्षं घरात एकटी वाढलेल्या मांजरीला सोबत नको असते. घर ही तिची हद्द असते. दाराच्या चौकटीला गाल घासून, सोफ्याला नखं मारून ती रोज ती हद्द आखते. तिथे तिच्या शेपटीवर झडप घालणारं पोर सोडायचं आणि "होईल सवय" म्हणायचं, हा तिच्यावर अन्याय आहे. या वयात अनेक मांजरांची मूत्रपिंडं थकलेली असतात, सांधे दुखत असतात. ताण वाढला की मूत्राशयाला सूज येते, थेंब थेंब लघवी होते, कधी रक्तही जातं. सोबत आपल्याला हवी असते. तिच्या नावावर खपवू नका.

तिसरा_मजला
ताई, हद्दीचं म्हणणं मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. बिघडतं ते घाईमुळे. लोक पिल्लू आणतात आणि पहिल्याच संध्याकाळी दोघांना समोरासमोर बसवतात. आमची भाटी अकरा वर्षांची होती. पिल्लू आणलं ते थेट मागच्या खोलीत, दार बंद. त्याच्या अंगाखालचं फडकं बाहेर तिच्या वाटीपासून लांब ठेवलं. ती फडक्यावरच फिस्कारली, कान मागे, पाठीवरचे केस उभे. फडकं तिथेच राहू दिलं. काही दिवसांनी बघतो तर त्याच्यावरच अंग टाकून झोपली होती! मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग जाळीतून ओळख, आणि शेवटी आमच्या देखत थोडा थोडा वेळ एकत्र. महिना-दीड महिना गेला. आज एकमेकांना चाटत नाहीत, पण एका पलंगाच्या दोन टोकांना झोपतात. मला एवढं पुरे आहे. आपण नाही म्हटलं तर रस्त्यावरच्या त्या पिल्लाचं काय होतं, हेही लिहा की.

साळुंकी
पर्वतीपायथा +१.
मागची खोली असणाऱ्यांनी हे सांगणं सोपं आहे. आमचं धायरीला वन बीएचके, सासूबाई हॉलमधे झोपतात, बाथरूम एक. वेगळं ठेवायचं कुठे? आणि वेगळं ठेवणं फक्त ओळखीसाठी नसतं. रस्त्यावरच्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) असू शकतो. त्याचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर महिनोन् महिने टिकतो. घरच्या मांजरीची लस राहून गेली असेल तर तिलाही धोका. आपल्याकडे लगेच फिनेल ओततात. त्यानं हा विषाणू मरत नाही, उलट फिनेल मांजरांना विषारी आहे, पाय चाटताना पोटात जातं. पाणी घातलेलं ब्लीच लावून, फरशी धुऊन कोरडी करावी लागते, तीही मांजरं दूर ठेवून.

तिसरा_मजला
फिनेलचं अगदी बरोबर. पण म्हणून पिल्लूच नको? आधी डॉक्टरांना दाखवा, दोन आठवडे वेगळं ठेवा. जागा नसेल तर तेवढे दिवस मित्राकडे ठेवा. सहा-आठ आठवड्यांपासून लस सुरू होते.

कर्वेनगरी
एक राहिलंच. नेणार असाल तर एकाच वेताची दोन पिल्लं न्या. ती आपसात कुस्ती खेळतात, म्हातारीच्या मागे कमी लागतात. लिटरचे (शी-शूच्या मातीचे) ट्रे मात्र मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त हवा.

साळुंकी
वन बीएचकेमधे चार ट्रे?!

पर्वतीपायथा
दोन पिल्लांचा मुद्दा पटतो, ज्यांना जागा आहे त्यांच्यासाठी. तिसरा_मजला, रस्त्यावरच्या पिल्लाला मीही वाऱ्यावर सोडा म्हणत नाही. लस देऊन, तात्पुरतं सांभाळून चांगलं घर शोधून देता येतं. आणायचंच ठरलं तर आधी म्हातारीची रक्ततपासणी करा, क्रिएटिनिन बघा, मूत्रपिंडं कशी चालतात ते त्यावरून कळतं. पिल्लाचं खाणं उंचावर नाही, बंद दाराआड ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजरीला त्यातलं फॉस्फरस बाधतं. आणि तिनं चोवीस तास काही खाल्लं नाही तर "रुसली आहे" म्हणून थांबू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठायला लागते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि पिल्लू दुसऱ्या घरी हलवायची तयारी आधीपासून ठेवा.