प्रति: पिस्तुलातलं कुलूप
स्मार्ट पिस्तूल, म्हणजे फक्त मालकाच्याच हातून उडणारं पिस्तूल. त्याबद्दल ‘तंत्रज्ञान तयार आहे, बंदुकीच्या कंपन्याच दडपतात’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. खरी माती केली न्यू जर्सीच्या २००२च्या कायद्याने. अमेरिकेत कुठेही असं स्मार्ट पिस्तूल विक्रीला आलं की तीन वर्षांत त्या राज्यात फक्त तसलीच विकायची, अशी अट! मग काय, २०१४मध्ये मेरीलँडच्या एका दुकानदाराने आर्माटिक्स आयपी१ हे स्मार्ट पिस्तूल (सोबतचं मनगटी घड्याळ जवळ असेल तरच उडणारं) विकायचं ठरवलं, तर आता ती अट लागू होईल म्हणून चिडलेल्यांकडून त्याला जिवे मारण्याच्या धमक्या. बिचाऱ्याने माघार घेतली. ती अट सैल झाली २०१९मध्ये. आणि हो, २०१७मध्ये एका हॅकरने साध्या लोहचुंबकांनी त्याच आयपी१चं कुलूप निकामी करून दाखवलं होतं. घरात पोरंबाळं असतील तर मला अजून लोखंडी तिजोरीच बरी वाटते.