वेटिंगरूमला यूव्ही दिवा किती वॅटचा? तातडीने मदत हवी

रेवा_चिपळूण: ताईचा दवाखाना मी सांभाळते. खोकल्याचे पेशंट फार, त्यात टीबीचेही निघतात. वेटिंगरूम १२ बाय १५ फूट. हवेतले जंतू मारणारा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा किती वॅटचा लागेल? सोमवारी इलेक्ट्रिशियन येतोय, फक्त आकडा सांगा.

उघडी_खिडकी: छताची उंची? पंखा? माणसं बसलेली असताना चालवणार का?

भाऊसाहेब६२: आमच्या पाण्याच्या फिल्टरला यूव्ही आहे. ट्यूब दरवर्षी बदलतो.

रेवा_चिपळूण: भाऊसाहेब, मी हवेचं विचारतेय. माणसं असतानाच चालवायचाय. पंखा आहे.

बायोमेड_मिरज: जुना ठोकताळा २०० चौरस फुटांना ३० वॅटची एक ट्यूब. पण वॅट नंतर, आधी उंची. दिवा जमिनीपासून ७ फुटांच्या वर हवा आणि त्याचा झोत वर छतालगतच राहायला हवा, माणसांवर येता कामा नये. छत बुटकं असेल तर झोत आडवाच ठेवणारं, आडव्या पट्ट्यांचं फिक्श्चरच घ्या. पंखा मंद चालू ठेवा, म्हणजे खालची हवा वर जाऊन किरणांत येते. आठ तास बसणाऱ्याच्या डोळ्यांशी किरणांची तीव्रता ०.२ मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. मीटर लावून मोजा.

उघडी_खिडकी: एवढा खटाटोप कशाला? समोरासमोर खिडक्या उघडा, फुकट काम होतं.

बायोमेड_मिरज: चिपळूणच्या जुलैत?

उघडी_खिडकी: जुलैच्या दमट हवेत यूव्हीही मंदावतो.

बायोमेड_मिरज: मंदावतो, थांबत नाही. पेरू देशातल्या लिमाची हवाही दमटच. तिथल्या रुग्णालयात टीबी वॉर्डची हवा गिनिपिगांना दिली होती. दिवे बंद असताना ३५ टक्क्यांना लागण झाली, चालू असताना ९.५. निकाल २००९ साली छापून आला. खिडक्या उघडाच, पण रात्री, पावसात त्या बंद होतात.

रेवा_चिपळूण: छत ८ फूट ४ इंच. इलेक्ट्रिशियन मागच्या आठवड्यात एक उघडी ट्यूब ट्रायलला लावून गेलाय, दाराच्या वर. ती चालेल का?

बायोमेड_मिरज: चालू आहे?? खाली कोण बसतं?

रेवा_चिपळूण: कंपाउंडर. परवा रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. आम्हाला वाटलं, साथीत डोळे आले.

बायोमेड_मिरज: आधी बटण बंद करा. त्याला आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा आणि ट्यूबचं सांगा. पेशंटनाही विचारा.

रेवा_चिपळूण: बंद केली. त्याला घेऊन निघतेय. मोजायचा मीटर भाड्याने कुठे मिळेल?

भाऊसाहेब६२: आमच्या फिल्टरवाल्याला विचारून सांगतो.