एनम आणि एन्युमरेशन : मराठीत एकच शब्द की दोन?

रावपुरेकर :
बडोद्यात आमच्या मंडळातल्या मुलांसाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचे धडे मराठीतून लिहितोय, एका ठिकाणी गाडी अडलीय. जावातला एनम म्हणजे ठरलेल्या किमतींचा अख्खा प्रकार (टाइप). समजा अर्जाची स्थिती, त्यात दाखल, मंजूर, नामंजूर. तोच एक्सएमएल स्कीमात, म्हणजे माहितीच्या एक्सएमएल फाइलीत काय चालेल ते ठरवणाऱ्या नियमावलीत, उतरवला की अख्ख्या प्रकाराला सिंपलटाइप म्हणतात आणि एन्युमरेशन हा टॅग प्रत्येक किमतीला वेगळा लागतो. म्हणजे इथे शब्द यादीचा, तिथे यादीतल्या एकाचा. दोन्हीकडे 'प्रगणन' लिहिलं तर मुलं गोंधळणार. काय लिहू?

माळवी माणूस :
भाऊ, प्रगणन नकोच. प्रगणक म्हणजे जनगणनेला दारात येतो तो, इथे इंदूरला रामबागेत कुणालाही विचारा. आणि एनममध्ये मोजायचं असतं काय? एवढ्याच किमती चालतील, बाकी नाही, इतकंच सांगायचं असतं. सरळ 'ठराविक प्रकार' म्हणा.

जुनी वाचक :
'ठराविक' नको हो, 'तेच ते ठराविक उत्तर' असं आपण वैतागून म्हणतो तो वास त्याला येतो. 'गण' घ्या. पाणिनीच्या गणपाठात, म्हणजे व्याकरणातल्या शब्दगटांच्या यादीत, सर्वादि गण आहे, त्यात कुठले शब्द ते ठरलेलं. उलट आकृतिगण उघडा असतो, तशाच घडणीचा नवा शब्द आला तर त्यालाही आत घेतात. एनम म्हणजे बंद गण, आणि नुसती स्ट्रिंग (साधा मजकूर) ठेवून कुठलीही किंमत येऊ दिलीत तर आकृतिगण. हा फरक इतका नेमका दुसरा कुठला शब्द सांगेल?

माळवी माणूस :
ताई, फरक पटला, पण ही मुलं घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलतात, त्यांना आधी गणपाठ शिकवायचा का? टेबल आलं, बस आली, तसा एनमही येईल.

जुनी वाचक :
'दिनांक' आणि 'महापौर' सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हेच म्हणाले असतील, आज कोण अडखळतं? आणि बडोद्याच्या माणसाला हे सांगायला लागू नये, सयाजीरावांच्या कारभाराने 1931 साली शासनशब्दकल्पतरू छापला, इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली सगळे शेजारी शेजारी. कचेरीच्या शब्दांसाठी एवढी मेहनत झाली, मग कोडच्या शब्दांसाठी का नको?

कोडवाला :
शब्द कुठलाही घ्या, फक्त 'गणन', 'क्रम', 'अंक' यांपैकी काही नको, कारण त्यातूनच पोरं ऑर्डिनल, म्हणजे किमतीचा यादीतला क्रमांक, फाइलीत लिहायला लागतात. दाखल 0, मंजूर 1 असं एक्सएमएलमध्ये गेलं आणि सहा महिन्यांनी कुणी मधे 'प्रलंबित' घातलं की जुन्या फाइलीतला प्रत्येक 1 प्रलंबित वाचला जातो, मंजूर झालेले अर्ज परत रांगेत, आणि एरर कुठेच येत नाही. फाइलीत नाव लिहायचं, नंबर नाही. दुसरं म्हणजे स्कीमा लावून तपासलं नाही तर जॅक्सबी (जावातला एक्सएमएल वाचणारा कोड) अनोळखी किमतीच्या जागी गुपचूप नल, म्हणजे रिकामी जागा, ठेवतो, तेच मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला तसाच एक्सएमएल-सीरियलायझर एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो. धड्यात हे आधी घाला.

माळवी माणूस :
हेच तर मी म्हणून राहिलोय! एन्युमरेटच्या पोटात लॅटिनचा नंबरच बसलाय, इंग्रजीने चूक केली म्हणून आपण का करायची.

जुनी वाचक :
गणात मोजणी कुठे आहे, गण म्हणजे समूह. आणि सगळे 'किंमत' काय म्हणताय, 'मूल्य' म्हणा.

माळवी माणूस :
मूल्य म्हटलं की शाळेतलं मूल्यशिक्षण आठवतं. किंमत अरबीतून आली तरी भाजीवालीपासून सगळ्यांची आहे.

रावपुरेकर :
किंमत की मूल्य ते नंतर बघू. 'गण' मला आवडला, पण मग स्कीमातल्या त्या एकेका टॅगला काय म्हणू? 'गणातली किंमत'? 'गणघटक'?

कोडवाला :
त्याआधी एक सांगा, कॉन्स्टंटची, म्हणजे एनममधल्या एकेका किमतीची, नावं देवनागरीत ठेवणार का? जावाला चालतं. फक्त 'अंशतः मंजूर' असलं काही आलं तर नावात स्पेस चालणार नाही, तिथे अंडरस्कोअर टाकून जॅक्सबीच्या एक्सएमएल-एनम-व्हॅल्यू या खुणेत खरा मजकूर द्यावा लागेल.

जुनी वाचक :
'अंशतः'मधला विसर्ग चालतो का नावात?